चौथा खिळा

ग्वायाकानच्या लाकडाचं नाव काढलं की माझी बायको नेरेइदा उठून आत जाते. एकतीस वर्षं तेच तेच ऐकून तिचे कान किटले आहेत, तिला दोष नाही. पण तुम्ही पाहुणे आहात, वीज गेली आहे, कंदिलात रॉकेल भरपूर आहे आणि माझ्या तोंडाला अजून कुलूप लागलेलं नाही. तेव्हा ऐका.

मी उल्पियानो, धंद्याने कातारी. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात लेथवर वीस वर्षं काढली, मग घरामागे स्वतःची शेड टाकली. या हातांनी मी महोगनी कातली, सीडर कातला, आणखी दहा जातींची लाकडं कातली. ती सगळी लाकडं. ग्वायाकान निराळा. पाण्यात टाकला तर सरळ तळ गाठतो. वाळवी त्याला तोंड लावत नाही. अंगातच इतकी राळ की सरस चिकटत नाही, आणि खिळा मारायला गेलात तर लाकूड तसंच राहतं, खिळाच मान टाकतो. पूर्वी जहाजाच्या पंख्याचा दांडा ज्या कड्यात फिरतो ते कडं ग्वायाकानचं करायचे, कारण त्याला तेल घालावं लागत नाही, तो स्वतःचंच तेल सोडतो. कापलात तर आत पिवळट तपकिरी. तसाच उन्हात ठेवा, चार दिवसांत हिरवा होऊ लागतो. आणि कातताना जो वास सुटतो, गोडसर, देवळातल्या धुपासारखा, तो पुढे आठवडाभर कपड्यांतून जात नाही. या वासाचं पुढे काम आहे.

तर गोष्ट माझ्या लेकीच्या लग्नाची. सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, जून महिना. इवेलीस माझी एकुलती एक. आमच्या टेकडीवर रीत अशी की बापाने लेकीला लग्नात उखळ द्यायचं, आणि मांडवातच नवरीने त्यात तळलेली कच्ची केळी, लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत कातडीचे तुकडे घालून पहिला मोफोंगो कुटायचा. कातारी बापाने लेकीला दुकानातलं उखळ दिलं असतं तर गावाने माझं नाक कापून वेशीला टांगलं असतं. पण ग्वायाकान तोडायला आता बंदी, आणि बंदी योग्यच आहे. मांडीएवढं खोड व्हायला त्या झाडाला माणसाचे तीन जन्म लागतात. म्हणजे लाकूड हवं तर जुनंच हवं.

ते दिलं तीती मोन्सेने. ही माझी मावशी. माझी आई मला जन्म देऊन गेली, मला वाढवलं ते तीतीने, आणि त्याबद्दल ती मला आजही रोज एकदा तरी ऐकवते. तेव्हा ती सत्त्याहत्तरची होती. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघ्यांत वात, जीभ मात्र ठणठणीत. तिच्या बापाचं घर खालच्या उतारावर होतं. अठराशे नव्व्याण्णव सालच्या सान सिरियाकोच्या वादळात अख्ख्या उतारावरची घरं उडाली. ते एकच उभं राहिलं, कारण त्याचे चारही खांब ग्वायाकानचे. पुढे घर आपसूक पडलं, तीन खांब कुणीकुणी नेले, एक झुडपांत तसाच उभा होता. तीती म्हणाली, घेऊन जा, नुसता उभा राहून तरी काय करतोय.

तो उपटायला मी आणि माझा होणारा व्याही दॉन हेनारो, असे दोघे गेलो. हेनारो बस चालवतो आणि बसमध्ये जेवढं बोलतो त्याच्या दुप्पट बाहेर. पहारी घेऊन दोन दिवस खणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला की एवढा हट्टी खांब ज्या घरचा, त्या घरची मुलगी सून म्हणून आणताना आपण नीट विचार केला नव्हता. खांब निघाला तेव्हा जमिनीतला भागही खणखणीत होता, वर मातीचा नुसता पापुद्रा.

दोन पाती करवतीची मोडली, तेव्हा कुठे गुडघ्याच्या वर येईल एवढा ठोकळा सुटला. लेथवर चढवला आणि कातू लागलो. शेडभर वास. अर्ध्या उंचीवर पटाशी एकदम खण्णकन उडाली. आत एक खिळा होता, जुना, लोहाराने घडवलेला, चौकोनी. तासभर खटपट करून काढला. बाहेरच्या अंगाला करंगळीएवढं काळं भोक राहिलं. मी म्हटलं राहू दे, तीट समजू. पण मनात किडा शिरला. खिळ्याने आत बारीक चीर गेली असेल तर? पहिल्याच घावाला उखळ मांडवात उकललं तर?

चीर आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं. मुसळाने ठोकायचं. धड उखळ गातं, चिरलेलं खोकतं. आता इथेच गोम आहे. आमच्याकडे उखळ रिकामं ठोकत नाहीत. आत काहीतरी हवंच, निदान लसणाची एक पाकळी. रिकाम्या उखळाचा आवाज म्हणजे जेवायला बोलावणं, आणि ते जिवंतांना ऐकू येत नाही. ज्याला येतं, तो येतो. आला की त्याला पोटभर वाढायचं. तो अतृप्त उठला, तर एकाला हाताशी धरून घेऊन जातो. हे सगळं मला चड्डी घालायच्या वयापासून ठाऊक होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता मी शेडमध्ये उखळाला मेण घासत होतो. लसूण होता स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरात होती नेरेइदा आणि तिच्या चार बहिणी. त्या दारात मी पाऊल टाकलं असतं तर पाकळी मिळायच्या आधी माझ्या हातात केळी सोलायची सुरी आली असती. म्हटलं, तीन तर ठोके. कोण ऐकतंय.

टण. टण. टण.

काय गायलं म्हणून सांगू. मी आनंदाने स्वतःचीच पाठ थोपटली. चीर नव्हती. भीतीबिती काही वाटली नाही, उलट शीळ वाजवत दाढी करायला गेलो. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती अशी शीळ वाजवत येते.

दहाला चर्चमध्ये लग्न लागलं आणि साडेबाराला सगळं वऱ्हाड आमच्या अंगणात. आंब्याच्या झाडाला ताडपत्री बांधलेली, खड्ड्यावर अख्खं डुक्कर फिरतंय, तुरीच्या दाण्यांचा भात दोन मोठ्या पातेल्यांत, केळीच्या पानातल्या पुड्या रचून ठेवलेल्या. चार तारा छेडणारे आणि एक खाचांचा वाळका भोपळा काडीने घासून ताल धरणारा, अशी वाजवणारी मंडळी आधीच घरच्या दारूच्या तिसऱ्या घोटावर होती. उखळ मधोमध ठेवलं होतं. ते शेडमधून आणायला दोन जवान लागले. इवेलीसने बाह्या वर केल्या, मुसळ धरलं, आणि पहिला घाव घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, ते लसणाने असं मी सांगितलं.

त्या टाळ्यांतच तो आला असावा, कारण येताना कुणी पाहिला नाही. मी पाहिला तेव्हा तो टेबलाच्या टोकाला बसलेला होता. तिशीचा, सडसडीत, पांढऱ्या जाड सुताचे कपडे, गवती टोपी गुडघ्यावर. अनवाणी. आमच्याकडे अनवाणी येणारा पाहुणा आता राहिला नाही, पण हेनारोचे डोंगरातले नातेवाईक साधे आहेत असं ऐकलं होतं. मी जवळ जाऊन या, जेवा म्हटलं. त्याने वर पाहिलं, इतकं प्रेमाने पाहिलं की मला ओशाळल्यासारखं झालं, आणि म्हणाला, “देव तुझं भलं करो, पोरा.”

हे जरा सांगावं लागेल. आमच्यात लहान माणूस मोठ्याला भेटला की पहिला शब्द ‘आशीर्वाद’. बेन्दिसिओन. मग मोठा म्हणतो, देव तुझं भलं करो. घरात शिरताना, घरातून निघताना, टेलिफोनवर, भांडण चालू असताना मध्येच थांबूनसुद्धा. लेकरू बोलायला लागलं की त्याला आई-बाबाच्या आधी हाच शब्द शिकवतात. मोठा कधी लहानाकडे आशीर्वाद मागत नाही, आणि न मागता कुणी देतही नाही. आणि इथे हा तिशीचा पोरगा मला, बावन्न वर्षांच्या नवरीच्या बापाला, न मागता आशीर्वाद देत होता. मी समजलो, चढली आहे. हसलो आणि पुढे गेलो.

पुढे गेलो तरी वास मागे येत होता. धुपाचा, गोडसर. मला वाटलं माझेच कपडे.

मग लोक त्याच्याभोवती जमायला लागले, कारण तो जेवत होता. असं जेवण मी पाहिलेलं नाही. अधाशीपणा नाही, सांडणं नाही. एकेक घास चावून, डोळे मिटून, मान डोलावून. पहिलं ताट, दुसरं, पाचवं. पोरं मोजायला लागली. वाजवणाऱ्यांनी प्रत्येक ताटाला एक कडवं जोडायला सुरुवात केली: सहावं ताट आलं, डुक्कर घाबरलं; सातवं ताट आलं, आचारी पळाला. तो स्वतः सगळ्यांहून जास्त हसत होता. नेरेइदा भाताच्या पातेल्यात डोकावून माझ्याकडे जे बघत होती त्याचं भाषांतर करायची गरज नाही.

दॉन हेनारो घाम पुसत माझ्याशेजारी आला. म्हणाला, “व्याही, तुमच्याकडची मंडळी जेवायला दांडगी हो.”

मी म्हटलं, “आमच्याकडची? मला वाटलं, तुमचा पुतण्या.”

“माझा कुठला?” हेनारो म्हणाला. “माझे पुतणे तिकडे दारूच्या डब्याला चिकटलेत.”

आम्ही दोघेही त्याच्याकडे पाहू लागलो. मला तेव्हा प्रथम दिसलं की त्याच्या गुडघ्यावरच्या टोपीच्या कडेतून पाणी ठिबकत होतं. टेकडीवर दोन महिने पाऊस नव्हता. विहिरीवरून दोर ओढून ओढून आमचे हात सोलले होते. त्याच्या पायाखाली मातीचं लहानसं डबकं झालं होतं आणि ते हळूहळू मोठं होत होतं...

सकाळचे तीन ठोके माझ्या कानांत वाजले.

हेनारोला तिथेच सोडलं. स्वयंपाकघरात धावलो. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन धावलो. डुकराची फासळी, केळीच्या पुड्या, खरवडीसकट भात, जे हाताला लागेल ते ताटात भरून त्याच्यापुढे नेलं. माझं एकच चाललं होतं: हा तृप्त उठला पाहिजे. अंगणात माझी पोर पांढऱ्या कपड्यांत नाचत होती. एकाला हाताशी धरून घेऊन जातो... कुणाला, ते तो ठरवतो.

नवव्या ताटानंतर त्याने बोटं चाटली, टोपी बाजूला ठेवली आणि पोटावर हात फिरवला. गर्दीने टाळ्या पिटल्या. मी वाकून हळूच विचारलं की पोट भरलं ना, आणखी काही हवं का. तो म्हणाला, पोट भरलं. पण उठला नाही.

मग उठला, तो उखळाशी गेला. दोन जवानांनी आणलेलं उखळ त्याने एका हाताने कलतं केलं, पाण्याची कळशी कलती करावी तसं, आणि दुसऱ्या हाताचं बोट फिरवत फिरवत बरोबर त्या काळ्या भोकावर आणून ठेवलं. लोकांना वाटलं ताकद दाखवतोय, ते ओरडून दाद देत होते. मी मात्र अगदी शेजारी होतो. मला ऐकू आलं.

“इथे मी कंदील टांगायचो,” तो म्हणाला. “आईला रात्री खालून दिसावा म्हणून. तीन खिळे वाकले, चौथा गेला. लाकूड असावं तर असं.”

खिळ्याची गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. नेरेइदालाही नाही, कारण ती लाकडाचं ऐकत नाही.  

त्याने उखळ खाली ठेवलं आणि मला विचारलं, “माझी पोर कुठे आहे?”

मी अंगणाकडे पाहिलं. इवेलीस. नाही, माझी पोर आणि त्याची पोर एक नव्हे. तो खांब कुणाच्या घराचा, तो कंदील कुणाच्या दाराशी, हे तोपर्यंत माझ्या टाळक्यात शिरलं होतं. त्याची पोर, म्हणजे माझी तीती, आंब्याच्या पलीकडे सावलीत खुर्चीवर बसून कुणाला तरी भाताच्या मिठावरून बोल लावत होती.

मी तिच्याकडे गेलो. मनात होतं की तिला सरळ उचलून घरात न्यायचं, दार लावायचं, दाराला पाठ लावून बसायचं. मी नुसता हात धरला. तिने माझा हात हुंगला. म्हणाली, ग्वायाकानचा वास येतोय तुझ्याशिवाय आणखी कुठून तरी, कोण आलंय? मला खोटं बोलता येत नाही, तिच्याशी तर कधीच आलं नाही. कुजबुजत सगळं सांगितलं. रिकामं ठोकलं, तीनदा ठोकलं, नऊ ताटं, पाणी, चौथा खिळा.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पन्नाशी उलटली तरी गाढव ते गाढवच. कसा दिसतो?”

“तिशीचा,” मी म्हटलं. “डाव्या भुवईत खाच आहे.”

“ती खाच मी पाडली,” तीती म्हणाली. “चमच्याने. आई सांगायची.” तिने काठी शोधली. “मला उठव.”

मी म्हटलं नाही. म्हटलं, तो न्यायला आलाय, तीती. तू इथून हलायचं नाहीस.

तेव्हा ती जे बोलली ते मी विसरलेलो नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही, हिशेब समजावून सांगावा तसं सांगितलं. वादळ आलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. सगळे जेवायला बसले होते. वारा सुटला. बाप अर्ध्या ताटावरून उठला आणि खाली नदीकाठच्या खोपटातून स्वतःच्या आईला आणायला गेला. दोघंही परत आले नाहीत. “मला बोलता येत नव्हतं अजून,” ती म्हणाली. “शेजारच्या पोरांना तो शब्द वर्षाच्या आत आला, मला उशीर झाला. बाप दारातून गेला, आणि मी त्याला आशीर्वाद मागितला नाही. नंतर जगातल्या प्रत्येकाला मागितला मी, उल्पियानो. पाद्रीबुवाला, गावातल्या म्हाताऱ्यांना. एका त्याला सोडून. आता उठवतोस, की या काठीने आधी तुला?”

मी उठवलं. दुसरं काय करणार. मनात म्हटलं, हिला नेलीस तर मीही येतो.

गर्दीने वाट दिली. म्हातारी सत्त्याहत्तरची, तो तिशीचा. ती त्याच्यासमोर थांबली, काठी माझ्या हातात दिली, आणि मान खाली घालून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, “आशीर्वाद, बाबा.”

हशा पिकला. लोकांना वाटलं तीतीला घरची दारू लागली. हेनारो तर मांडीवर थापा मारत होता. त्या हशात त्याने तिच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. हात ओला होता, तिच्या कपाळावरून पाण्याचे ओघळ आले.

“देव तुझं भलं करो, माझ्या लहानगे.”

मी तिच्या मागेच उभा होतो. माझ्याही तोंडून तो शब्द निघाला, आजोबा म्हणून, अगदी हळू. त्याने माझ्याकडे मघासारखंच प्रेमाने पाहिलं. आशीर्वाद मला आधीच मिळून चुकला होता.

वाजवणाऱ्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एकदम जुनी संथ चाल धरली. तो तिच्याशी नाचला. जिला संडासापर्यंत जायला दोन माणसं लागतात ती माझी मावशी त्या अंगणात तीन वेळा गोल फिरली, पायात चपला नाहीत, चेहरा वर, आणि हसतेय. इतकं आनंदी मी ना तिला आधी कधी पाहिलं, ना दुसऱ्या कुणाला. माझं लक्ष मात्र त्यांच्या हातांवर. त्याने तिचा हात धरला होता. चाल संपली की हा हात सुटतो का, एवढंच मी पाहत होतो. चाल संपत नव्हती. एकदा कडवं संपलं आणि त्यांनी पुन्हा उचललं... पुन्हा एकदा...

मग चाल संपली. आणि त्याने हात सोडला.

तीती तिथेच उभी, धापा टाकत, हसत. मी धावत जाऊन तिला मिठी मारली. धडधडत होती, ऊबदार होती, घामाचा वास येत होता. कसला सुंदर वास तो. मी लहान मुलासारखा रडलो आणि यावेळी लसणाचं नावही काढलं नाही.

तो निघाला. टोपी घेतली, पण डोक्यावर घातली नाही. वाटेत इवेलीससमोर थांबला.  त्याने टोपी छातीशी धरली, मान खाली घातली, इतकी खाली की त्याचं तोंड तिच्या पोटाशी आलं, आणि म्हणाला, “आशीर्वाद, आई.”

माझी पोर खळखळून हसली. म्हणाली, अहो, मी कुणाची आई, आजच तर लग्न झालंय. आणि थट्टेला थट्टा म्हणून, देव तुझं भलं करो, असं म्हणून तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. तो मात्र तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता. तसाच खाली पाहत क्षणभर थांबला, मग उतारावरच्या वाटेने चालू लागला. वळणापर्यंत मी पाहिला. वळणाच्या पुढे बायका कपडे वाळत घालत होत्या, त्यांना कुणी भेटलं नाही.

मी ती रात्र तीतीच्या दाराशी खुर्ची टाकून काढली. सकाळी सहाला आतून आवाज आला की कॉफी कुठे मेली आहे. मी देवाचे आभार मानले आणि कॉफी करायला गेलो. कुणीही गेलं नव्हतं. वऱ्हाडातला प्रत्येक जण मी त्या आठवड्यात जाऊन मोजून आलो. हेनारोच्या पुतण्यांनासुद्धा. सगळे जागच्या जागी, काही अजून डोकं धरून.

इवेलीसला जानेवारीत मुलगी झाली. टेकडीवरच्या बायकांनी बोटांवर महिने मोजले, दोनदा मोजले, आणि पोर गोड आहे म्हणून गप्प बसल्या. खरोखरच गोड. नाव ठेवलं अनाबेल. खाते, हसते, लवकर चालायला लागली. फक्त बोलत नव्हती. वर्ष झालं, दीड झालं, तोंडातून अक्षर नाही. जो येईल तो तिच्यासमोर बसून शिकवायचा: म्हण, आशीर्वाद. म्हण ना. ती त्याच्याकडे पाहायची, आपण वेड्याकडे दयेने पाहतो तसं, आणि तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाला कान चांगले आहेत, काळजी करू नका.

गेल्या ऑगस्टमधली दुपार. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो, उकाड्याने दार सताड उघडं, बाहेर उन्हाने वाट पांढरी पडलेली. इवेलीस पोरीला मांडीवर घेऊन शंभराव्यांदा शिकवत होती. तीती खुर्चीवरून ऐकत होती. एकाएकी ती म्हणाली की तुम्ही उलटं शिकवताय. काठी टेकत उठली, चार पावलं चालत पोरीसमोर आली, आणि आपलं एकोणऐंशी वर्षांचं डोकं त्या दीड वर्षाच्या लेकरापुढे वाकवलं.

“आशीर्वाद, आजी,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

अनाबेलने तिच्या केसांवर हात ठेवला. “देव तुझं भलं करो,” ती म्हणाली. स्वच्छ, शब्दन् शब्द, एखाद्या पोक्त बाईसारखं. मग माझ्याकडे वळली.

“आणि ते दार लावून घे,” ती म्हणाली. “वारा सुटलाय.”

बाहेर आंब्याचं पानही हलत नव्हतं. मी उठलो आणि दार लावलं. अडसरही घातला.